प्रेम कीर्दीत लिहिलं, खतावणी राहिली



मे महिन्यात नातू पुण्याहून सुट्टीला आला होता. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे संध्याकाळ त्याला फार लांब वाटते. मग तो टीव्हीवर 'आयर्न मॅन'चे सिनेमे लावतो आणि मला शेजारी बसवून घेतो. मीही तांदूळ निवडत बसते. मारामारी मला बघवत नाही, तेवढा वेळ मान खाली घालते. पण यंदा त्या सिनेमातल्या एका माणसाने मला फार विचारात पाडलं. तो नायक नव्हे, नायकाचा बाप. हॉवर्ड स्टार्क.

ज्यांच्या घरी नातवंडं नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोनी स्टार्क हा अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीच्या चित्रकथांमधला नायक. १९६३ साली तो पहिल्यांदा छापून आला. धातूचं चिलखत घालून तो उडतो आणि जग वाचवतो. त्याचा बाप हॉवर्ड हा चित्रकथेत १९७० मध्ये आला. मोठा संशोधक, मोठा कारखानदार, नवनवीन यंत्रं काढणारा. फक्त मुलाशी बोलायला त्याला जमत नाही. २०१० च्या दुसऱ्या सिनेमात टोनी सांगतो की वडिलांनी माझ्यावर प्रेम आहे असं कधी म्हटलं नाही, मी त्यांना आवडत होतो असंसुद्धा कधी जाणवलं नाही.

त्याच सिनेमात पुढे वडिलांची एक जुनी फिल्म मुलाच्या हाती लागते. वडील वारून तोवर कितीतरी वर्षं झालेली असतात. एका मोठ्या प्रदर्शनाची प्रतिकृती दाखवता दाखवता बाप कॅमेऱ्याकडे बघतो आणि मुलाशी बोलू लागतो. मी जे जे घडवलं त्यात सगळ्यात मोठं काय, तर तू, असं सांगतो. त्या प्रतिकृतीतच एका नव्या मूलद्रव्याची रचना लपवलेली असते आणि त्यामुळे टोनीचा जीव वाचतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं.

नेमका त्या दिवशी मुलगा नातवाला न्यायला आला होता. तो प्रसंग लागला तसा तो उठून गॅलरीत गेला. थोड्या वेळाने मी पाणी घेऊन गेले, तर म्हणाला, "आई, त्याने निदान फिल्म तरी करून ठेवली." एवढंच. आतल्या खोलीत आमचे हे शेजारच्यांचा बिघडलेला मिक्सर उघडून बसले होते.

आमचे हे कांदिवलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. हाताला देणगी म्हणावी असं काम. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी ठराविक वेळ येतं. टाकी भरली की खाली घंटा वाजेल अशी सोय ह्यांनी टाकाऊ सामानातून केली, ती आजही चालते. यंत्र बंद पडलं की हे त्याच्यासमोर तासन्‌तास बसतात, कान लावून ऐकतात, त्याला काय होतंय ते शोधतात. पण मुलगा तोंड पाडून शाळेतून आला, तर त्याला काय होतंय हे ह्यांनी कधी विचारलं नाही.

मुलगा नववीत असताना त्याने विज्ञान प्रदर्शनासाठी चोरघंटा केली होती. दार उघडलं की वाजणारी. शाळेत पहिला नंबर आला. रात्री हे घरी आले, घंटा हातात घेतली, उलटी केली, म्हणाले, "सोल्डरिंग कच्चं आहे." आणि हात धुवायला गेले. मुलगा झोपायला गेल्यावर मी त्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हटलं, "पप्पांना फार आवडली हो. मला म्हणाले, पोरगं हुशार आहे."

हे असं काही म्हणाले नव्हते.

आज मला ह्यांच्याबद्दल नाही, माझ्या त्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. कारण ते वाक्य मी पुढे वीस वर्षं वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिले. आणि मला खात्री आहे, तुमच्यापैकी पुष्कळजणी बोलल्या असतील. "त्यांचं प्रेम आतलं असतं." "ते दाखवत नाहीत इतकंच." "फणसासारखे आहेत, वरून काटे."

२०१६ च्या सिनेमात टोनीची आई दिसते, मारिया. आईवडील प्रवासाला निघाले आहेत. त्याच प्रवासात दोघंही मारले जाणार आहेत, पण ते कोणालाच ठाऊक नाही. बाप मुलाला टोमणे मारतो. आणि आई मुलाला सांगते की तू इथे नसतोस तेव्हा ह्यांना तुझी आठवण येते. बाप तिथेच घरात आहे हो! पण त्याच्या आठवणीचा निरोप बायको देते. अमेरिकेतलं घर काय आणि बोरीवलीतलं काय, हे खातं बाईच सांभाळते.

मी कॉमर्सची पदवीधर. आम्हाला पहिल्यांदा शिकवलं ते कीर्द आणि खतावणी. रोजच्या व्यवहाराची नोंद कीर्दीत होते. पण ती नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावी लागते. ती चढवली नाही तर कीर्दीत रक्कम असते आणि त्या माणसाचं खातं कोरंच दिसतं. हॉवर्डने मुलाचं प्रेम कीर्दीत लिहिलं, खतावणी केली नाही. मुलगा आयुष्यभर आपलं खातं उघडून बघत राहिला आणि त्याला तिथे काही दिसलं नाही. बाप गेल्यावर कीर्द सापडली म्हणून आपण सिनेमागृहात टाळ्या वाजवतो. मला त्या टाळ्या पटत नाहीत. मरणानंतर प्रोजेक्टर लावून शोधावं लागतं ते प्रेम खरं असेल, पण ते मुलाला मिळालेलं नसतं.

आणि माझ्यासारखी आई काय करते? ती मुलाच्या खात्यावर खोट्या नोंदी टाकते. आपल्याला वाटतं आपण घर सांधतोय. पण त्या दिवशी गॅलरीत मुलगा आणखी एक वाक्य बोलला. "तू सांगायचीस ना पप्पा असं म्हणाले म्हणून, मला तेव्हाच कळायचं." म्हणजे बापाकडून प्रेम मिळालं नाहीच, वर आई खरं बोलत नाही हेही त्याला कळलं. सत्य अणुव्रताचं नाव मी रोज घेते. त्यात मी घसरले ती चोरीचपाटीच्या व्यवहारात नाही, मुलाच्या उशाशी बसून घसरले.

शिवाय ह्यांचंही मी नुकसानच केलं. हिशेब कोणीतरी परस्पर मिटवतंय म्हटल्यावर देणेकरी कशाला खिशात हात घालेल?

आता कोणी म्हणेल, बुद्धिमान माणसं अशीच असतात, कामात बुडालेली. मला हे मान्य नाही. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, किर्लोस्करवाडीपासून लांब नाही. माझी आई 'स्त्री' मासिक वाचायची, तेही त्याच वाडीत १९३० साली सुरू झालेलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात गेले आणि तिथे त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या ओसाड माळावर वाडी उभी राहिली. घरं आणि कारखाना एकाच ठिकाणी, बापाचं काम मुलांच्या डोळ्यांसमोर. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकले. गंमत बघा, सिनेमातला टोनीही तिथलाच. १९२६ मध्ये शंतनुराव पदवी घेऊन त्याच माळावर परत आले आणि वडिलांच्या कामाला लागले. बापाने आपलं काम मुलासाठी उघडं ठेवलं की बोलायला आणखी विषय शोधावा लागत नाही. हॉवर्डची प्रयोगशाळा मुलाला बंद होती. आमच्या ह्यांची हत्यारांची पेटीही मुलाला बंदच होती. "हात लावू नको, बिघडवशील."

दुसरं एक कारण मी आपल्याच लोकांकडून ऐकते, आणि ते मला जास्त खटकतं. "ते स्वभावाने अलिप्त आहेत." जणू काही वैराग्यच.

आपल्या बोरीवलीत राष्ट्रीय उद्यानाजवळ पोदनपूरचं त्रिमूर्ती मंदिर आहे. सगळे 'तीन मूर्ती'च म्हणतात. मध्ये भगवान आदिनाथ, दोन्ही बाजूंना भरत आणि बाहुबली. म्हणजे बाप आणि दोन मुलगे. मी तिथे वर्षानुवर्षं जाते, पण ह्या सुट्टीनंतर गेले तेव्हा पहिल्यांदा मी त्यांच्याकडे एक कुटुंब म्हणून पाहिलं. तिघेही कायोत्सर्गात उभे, कोणी कोणाकडे बघत नाही. मनात आलं, इथेही बाप दूरच की!

मग माझी मलाच लाज वाटली. असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प ही सहा कर्मं ज्यांनी माणसाला शिकवली ते आदिनाथ म्हणजे आपल्या परंपरेतले पहिले संशोधकच. पण ते शिकवताना त्यांनी मुलांना दाराबाहेर ठेवलं नाही. आदिपुराणात ब्राह्मी आणि सुंदरी ह्या दोन मुलींना त्यांनी स्वतः लिपी आणि अंक शिकवल्याची कथा आहे. मुलग्यांनाही निरनिराळ्या विद्या त्यांनीच दिल्या. आणि संसार सोडला तो राज्याची वाटणी करून, सगळ्यांचा निरोप घेऊन. मुलांना आपला बाप कुठे चालला आहे आणि का, हे ठाऊक होतं. आधी बापाचं देणं पूर्ण झालं, मग वैराग्य आलं.

आपल्या घरातल्या अलिप्त माणसाला ही कसोटी लावून बघा. त्याला यंत्राची आसक्ती आहे, कामाची आहे, क्रिकेटच्या स्कोअरची आहे, चहा वेळेवर मिळण्याची तर आहेच. मग अनासक्ती फक्त मुलाच्याच वाट्याला का? त्याला वैराग्य म्हणू नये. वीतराग वेगळा आणि बेपर्वा वेगळा.

पुरुषांची बाजूही मी जाणते. आमचे हे पहाटे लोकल पकडायचे, ओव्हरटाइम करायचे. मुलाची इंजिनीअरिंगची फी कधी एक दिवस उशिरा गेली नाही. ह्यांच्या वडिलांनी तर ह्यांना कधी जवळसुद्धा घेतलं नव्हतं. २०१९ च्या सिनेमात टोनी काळात मागे, १९७० मध्ये जातो. तिथे हॉवर्ड त्याला भेटतो, बायको गरोदर आहे, हातात तिच्यासाठी फुलं आहेत. आपण बाप म्हणून कसे निघू ह्या काळजीत तो आहे. त्याच्या स्वतःच्या बापाने त्याला पट्ट्याने मारलेलं. टोनी त्याला मिठी मारतो. तो प्रसंग मला पटला, कारण तिथे बाप समोर होता, जिवंत. आणि टोनीही जाताना मुलीसाठी एक संदेश मागे ठेवतो, पण तो मुलीला नवा नसतो. ते प्रेम तो तिला झोपवताना आधीच बोललेला असतो.

फी भरणं हेही प्रेमच, मी नाकारत नाही. आणि आपल्या पुरुषांनी इंग्रजी सिनेमासारखं "आय लव्ह यू" म्हणावं असंही माझं म्हणणं नाही. ते म्हणाले तर आपणच हसू. पण "हे तू कसं केलंस रे?" एवढं तरी विचारावं. बंद मिक्सरला जो माणूस दहा प्रश्न विचारतो, त्याला मुलाला एक विचारणं अशक्य नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलं आहे की ह्यांच्या वतीने बोलायचं नाही. मुलगा पुण्याला पोचल्यावर त्याने फोन केला. नेहमीप्रमाणे विचारलं, "पप्पा काय म्हणतात?" इतकी वर्षं मी उत्तर बनवून द्यायचे. ह्या वेळी म्हटलं, "थांब, त्यांनाच विचार," आणि फोन ह्यांच्या हातात दिला. हे माझ्याकडे बघतच राहिले. दोन्हीकडे शांतता. मला इतकं अवघडलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. तिथून ऐकू आलं, "तुझ्याकडचा इन्व्हर्टर अजून आवाज करतो का?" मग काहीतरी बॅटरीचं, पाण्याचं, वायरचं. अकरा मिनिटं चाललं होतं. मी घड्याळ बघितलं.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊन बघून येतो."

ह्याचा अर्थ काय, ते मी मुलाला फोन करून सांगितलेलं नाही. फार वाटलं होतं सांगावं. पण ते आता त्याचं त्याने बघावं, आणि ह्यांनी जाऊन दाखवावं.

मैत्रिणींनो, पर्युषण आलं की आपण सगळ्यांची क्षमा मागतो. ह्या वर्षी मी मुलाची मागणार आहे, त्या चोरघंटेच्या रात्रीची. जमलं तर तुम्हीही आपापली जुनी खाती एकदा उघडून बघा.

जय जिनेंद्र.