विद्यावेतन सरकारचे, शिकवणार कोण?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा शासन निर्णय ९ जुलै २०२४ रोजी निघाला, तेव्हा त्यातली पैशांची बाजू अगदी स्वच्छ होती. बारावी झालेल्याला महिन्याला ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये. वय १८ ते ३५, मुदत सहा महिने, वर्षाला १० लाख तरुणांचे उद्दिष्ट आणि साडेपाच हजार कोटींची तरतूद. रक्कम थेट बँक खात्यात. निवडणुकीच्या हंगामात लोकांनी तिला ‘लाडका भाऊ’ हे नाव देऊन टाकले आणि पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढली. कोणाला किती पैसे, किती दिवस गैरहजर राहिल्यास कपात, हजेरी कोणी कळवायची, हे सगळे ठरलेले आहे. नावात प्रशिक्षण असूनही त्या तरुणाला रोज शेजारी बसवून शिकवणार कोण, त्या शिकवणाऱ्याला काय मिळणार आणि शिकून झाले की नाही हे कोण तपासणार, याला मात्र योजनेत ठोस उत्तर नाही. जळगाव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांत, आणि विशेषतः ग्राहकसेवेच्या कामात, ही उणीव साऱ्या योजनेला पोखरते, असे माझे म्हणणे आहे.

खानदेशचे नाव निघाले की केळी, कापूस, सोने आणि ठिबक सिंचन आठवते. पण जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, शिरपूर इथल्या बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलामुलींना प्रत्यक्षात जे काम मिळते ते केळीच्या बागेत नसते आणि बहुतेकदा कारखान्यातही नसते. ते दुचाकीच्या शोरूममध्ये असते, दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर, सराफाच्या पेढीवर, फायनान्स कंपनीच्या वसुली विभागात, धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या कापड दुकानात, जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या मोबाइलच्या गाळ्यात, कृषी सेवा केंद्रात, आपले सरकार सेवा केंद्रात. म्हणजे समोरच्या माणसाशी बोलणे हेच ज्यात मुख्य काम आहे, अशा ठिकाणी. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांच्यासाठी निदान आयटीआय आहे, अभ्यासक्रम आहे, निदेशक आहे. काउंटरवर उभ्या राहणाऱ्यासाठी यातले फारसे काही नाही, कारण ते शिकण्यासारखे काम आहे हेच आपल्याला मान्य नाही. लेथवर शिकाऊ मुलाने चूक केली तर वाया गेलेला तुकडा टेबलावर दिसतो. काउंटरवर चूक झाली तर गिऱ्हाईक काही न बोलता निघून जाते आणि पुन्हा येत नाही. कोणाचे काय चुकले याची नोंदही होत नाही.

एखाद्या ठिबकच्या दुकानात काय घडते ते पाहा. रावेर-यावल पट्ट्यातला शेतकरी येतो आणि म्हणतो, नळ्यांना पाणी येत नाही, माल खराब दिला. न शिकवलेला मुलगा दोनपैकी एक गोष्ट करतो: ‘शेठ आल्यावर या’ म्हणतो, नाहीतर ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. शिकवलेला मुलगा आधी विचारतो: पाणी विहिरीचे की बोअरचे? फिल्टर सँडचा की जाळीचा, आणि शेवटचा कधी धुतला? पाणी सगळ्याच ओळींना कमी आहे की शेवटच्या टोकांनाच? व्हेंच्युरीतून कोणते खत सोडले? या चार प्रश्नांत बिघाड फिल्टरचा, क्षार साचल्याचा, दाबाचा की खरोखर मालाचा, हे बरेचसे कळते. अशी प्रश्नांची साखळी पुस्तकात शोधून सापडत नाही. दहा वर्षे त्या काउंटरवर काढलेल्या माणसाच्या डोक्यात ती असते आणि त्याने सांगितल्याखेरीज नव्याला मिळत नाही. पीकविम्याचे तसेच. राज्यात २०२५ च्या खरिपापूर्वी वादळाने किंवा पुराने पीक गेले तर नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे, त्यासाठी १४४४७ हा मदत क्रमांक होता. पण सेवा केंद्रातल्या मुलाने शेतकऱ्याला ‘नेट नाही, परवा या’ म्हणून परत पाठवले, तर ती मुदत तिथेच संपायची. ग्राहकसेवा म्हणजे गोड बोलणे, ही समजूत अशा वेळी महागात पडते.

आता योजनेच्या अटी या बाजारपेठेवर ठेवून पाहू. खासगी आस्थापनेत किमान २० माणसे कामाला असावीत, अशी अट आहे. गोलाणी मार्केटमधल्या किंवा आग्रा रोडवरच्या किती दुकानांत २० माणसे असतील? जिथे ग्राहकसेवा खरोखर चालते ती पाच-सात माणसांची दुकाने यामुळे दाराबाहेर राहतात. आत येतात मोठे कारखाने, काही रुग्णालये आणि मुख्य म्हणजे सरकारी कार्यालये. तहसील, पंचायत समिती, ग्रामपंचायत, शाळा अशा ठिकाणी मोठ्या संख्येने प्रशिक्षणार्थी गेले आणि रिक्त पदांच्या कामाला जुंपले गेले. यात त्या मुलांचा दोष नाही. पण अशा नेमणुकांबद्दल जगभरचा अनुभव फारसा आशादायक नाही. डेव्हिड कार्ड, योखेन क्लुव्ह आणि आंद्रेया वेबर या अर्थतज्ज्ञांनी बेरोजगारांसाठीच्या कार्यक्रमांचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या वर्षात अशा कार्यक्रमांचा सरासरी परिणाम जवळपास शून्य दिसतो. ज्यांत माणसाच्या अंगी काही कौशल्य येते त्यांचा फायदा दोन-तीन वर्षांनी दिसू लागतो. सरकारी क्षेत्रात तात्पुरते काम देण्याच्या कार्यक्रमांचा परिणाम मात्र नगण्य, काही वेळा उलटाच. म्हणजे ज्या वाटेने फळ येण्याची शक्यता सर्वांत कमी, तीच वाट आपण सर्वांत रुंद केली आहे.

याला पहिला आक्षेप असा येतो की ग्राहकसेवेत शिकवायचे असते तरी काय? मुलगा मुळातच बोलका असला की झाले; नसेल तर आठ दिवसांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग लावा. असे वर्ग आपल्याकडे भरपूर चालतात. त्यांत टाय बांधायला आणि इंग्रजीत तीन वाक्ये म्हणायला शिकवतात. जर्मनीत दुकानातल्या विक्रेत्याचे प्रशिक्षण दोन वर्षांचे असते आणि किरकोळ व्यापाराचे पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचे. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत, उरलेले दुकानात, शेवटी उद्योग-व्यापार मंडळाची परीक्षा. तेवढी वर्षे आपल्याला परवडणार नाहीत, परवडावीत असेही नाही. पण जे काम तिथे दोन वर्षे शिकण्याच्या योग्यतेचे मानले जाते, ते आपल्याकडे ‘येतेच आपोआप’ या सदरात जाते, हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. शिवाय इथल्या मुलांकडे एक भांडवल आहे ज्याची व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग लाज बाळगायला शिकवतात. धुळे-साक्रीकडची अहिराणी, यावल-रावेरची लेवा गणबोली, बाजारातली हिंदी आणि सीमेलगत थोडी गुजराती, असे तीन-चार भाषांत सहज फिरणे या मुलांना घरबसल्या येते. ‘काय व्हयनं भाऊ?’ एवढ्या विचारण्याने म्हातारा शेतकरी मोकळेपणाने बोलू लागतो. हेल्पलाइनवरचा यंत्राचा आवाज हे करू शकत नाही, आणि साध्या चौकश्या यंत्राकडे जात असताना माणसाच्या वाट्याला उरणार आहेत त्या नेमक्या अडलेल्या, चिडलेल्या, गुंतागुंतीच्या तक्रारी.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. लग्नसराईत, पेरणीच्या तोंडावर दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा शिकवायला वेळ कोणाला? आणि शिकवून तयार केलेला पोऱ्या चार पैसे जास्त मिळाले की समोरच्या दुकानात जातो, नाहीतर सुरतेला. तोट्याचा हा हिशेब खरा आहे. म्हणूनच शिकवण्याचा खर्च एकट्या दुकानदारावर टाकणे चूक आहे आणि तो सार्वजनिक पैशातून भरला पाहिजे, असे मी म्हणतो. मुलगा समोरच्या दुकानात गेला तर दुकानदाराचा तोटा होतो, जिल्ह्याचा होत नाही. आज सरकार फक्त विद्यावेतन भरते, म्हणजे अटीत बसणाऱ्या मालकाला फुकट माणूस देते. फुकट माणसाकडून गोण्या उचलून घेणे, चहा आणवणे, बिले फाइलला लावून घेणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणा ठरतो. ब्रिटनने १९८३ साली बेरोजगार तरुणांसाठी अशीच योजना काढली आणि ‘स्वस्त मजूर’ हा शिक्का तिला अखेरपर्यंत पुसता आला नाही. आणि शिकवणाऱ्याबद्दल अटी घातल्या तर मालक पळून जातील, ही भीती? जर्मनीत शिकवणाऱ्याला स्वतः एक परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. जागा वाढाव्यात म्हणून २००३ मध्ये ही अट तिथे स्थगित केली. दर्जा घसरल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये ती पुन्हा लागू झाली.

तिसरे म्हणणे भावनेचे आहे: घरी बसण्यापेक्षा ६ हजार काय वाईट? वाईट नाहीत. २०२३-२४ च्या केंद्राच्या श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता. अशा वेळी हातात येणाऱ्या पैशाला नावे ठेवू नयेत. पण तो बेकारभत्ता असेल तर तसे म्हणावे. प्रशिक्षण म्हणून अकरा महिने राबवून घेतल्यावर तरुण साहजिकच म्हणतो की काम मी केले, आता मला कायम करा. तशी आंदोलने राज्यभर झाली. ही मागणी सरकारला पुरी करता येणार नाही हे उघड आहे, पण ती निघाली यात नवल नाही: ज्याला दुसरीकडे दाखवण्यासारखे काही शिकवलेच नाही, तो आहे ती खुर्ची सोडेल कशाला? किमान वेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, कौशल्यही नाही, अशी ही तिहेरी वजाबाकी आहे.

दुरुस्ती फार मोठी नाही. केंद्राच्या शिकाऊ उमेदवार नियमांत २०१९ पासून चार माणसांच्या आस्थापनेलाही शिकाऊ उमेदवार घेता येतो. राज्याच्या योजनेने २०चा आकडा सोडून तोच चारचा घ्यावा. छोट्या दुकानदारांना कागदपत्रे झेपत नसतील तर त्यांच्या वतीने ती सांभाळणारी मध्यस्थ संस्था केंद्राच्या योजनेत मान्य आहे. जळगाव-धुळ्यातल्या व्यापारी संघटनांना हे काम सहज करता येईल. प्रत्येक प्रशिक्षणार्थीमागे दुकानातल्या एका अनुभवी माणसाचे नाव नोंदवावे आणि त्याला, मालकाला नव्हे, महिन्याला हजार रुपये द्यावेत. १० लाख तरुण, मूळचे सहा महिने, म्हणजे ६०० कोटी. मूळ तरतुदीच्या सुमारे ११ टक्के. तेवढ्यासाठी प्रशिक्षणार्थींची संख्या दहाव्या हिश्शाने घटली तरी चालेल. शेवटी परीक्षा त्याच दुकानात न घेता दुसऱ्या दुकानात घ्यावी: खरी तक्रार, खरे गिऱ्हाईक आणि बाजूला उभा तिऱ्हाईत दुकानदार. आणि ज्या आस्थापनेचे प्रशिक्षणार्थी दोन तुकड्या ओळीने या परीक्षेत नापास होतील, तिला तिसरी तुकडी देऊ नये, मग ती आस्थापना तहसील कार्यालय का असेना. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. आज ती हजेरीपत्रके गोळा करतात, उद्या हे निकाल गोळा करू शकतील.