मिशीवाली आई

‘आमचे हे बाळाचं करायला खूप मदत करतात.’ हे वाक्य कौतुकानेच म्हटलं जातं, पण त्यातल्या ‘मदत’ या शब्दापाशी मी दर वेळी अडते. मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते. मग बाळाला भरवणं, निजवणं, रात्री उठणं हे काम कुणाचं, ते त्या एका शब्दात ठरूनच गेलेलं असतं. या आठवड्यात जर्मनीतल्या पालकभत्त्याविषयी वाचताना तोच शब्द वेगळ्या वेषात भेटला. उर्सुला फॉन डेर लायन कुटुंबमंत्री असताना १ जानेवारी २००७ पासून तिथे ‘एल्टर्नगेल्ड’ सुरू झालं. बाळासाठी घरी राहणाऱ्याला हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण दोन-तृतीयांश रक्कम मिळते, कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो. एकाच पालकाने रजा घेतली तर बारा महिने; दुसऱ्यानेही किमान दोन महिने घेतले तर चौदा. आधी शंभरातले जेमतेम तीन-चार बाप अशी रजा घेत. २०२१ साली जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत हे प्रमाण ४६ टक्क्यांवर गेलं.

ही योजना येत असताना पेटर रामसाउअर या नेत्याने दुसऱ्या पालकाच्या या दोन महिन्यांची ‘विकेलफोलोंटारियाट’, म्हणजे लंगोट बदलण्याची उमेदवारी, अशी हेटाळणी केली होती. उमेदवारी शिकाऊ माणूस करतो, आणि मालक दुसराच असतो. या समजुतीला उत्तर त्यांच्याच देशात तयार होतं. कारिन आणि क्लाउस ग्रोसमान या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९७६ पासून बीलेफेल्डमधल्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मूल दोन वर्षांचं असताना बाप त्याच्याशी कसा खेळतो, हे त्यांनी बारकाईने पाहिलं. तो मुलाच्या कलाने घेतो का, ते चुकलं तर हातातलं काढून घेतो की थांबतो, जमेल एवढंच अवघड पुढे ठेवतो का. मूल दहा आणि सोळा वर्षांचं झालं, तेव्हा जवळच्या नात्यांवरचा त्याचा भरवसा आणि बापाचं ते जुनं खेळणं यांचा संबंध स्पष्ट दिसला. कुटुंबं पन्नासाच्या आतलीच होती, त्यामुळे हा निष्कर्ष जपूनच वापरायला हवा. पण बापाचं मोल आईची बदली म्हणून नाही, एवढं त्यातून दिसतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: मग पुरुषाकडे काही खास असतं का? ड्रेस्डेनमध्ये होल्गर ब्रांडेस आणि सहकाऱ्यांनी बालवाड्यांतल्या शिक्षक-शिक्षिकांच्या जोड्या तपासल्या. मुलांशी वागण्याच्या गुणवत्तेत पुरुष आणि स्त्री यांच्यात फारसा फरक आढळला नाही. मला हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटत नाहीत. ग्रोसमानांनी बापाचा पुरुषपणा मोजला नव्हता, मोजलं होतं ते त्याचं मुलाकडे असलेलं लक्ष. आणि मुलाचा कल ओळखायचा तर त्याच्याबरोबर दिवसचे दिवस काढावे लागतात. बाईलाही ते जन्मतः येत नाही. ती करत राहते म्हणून तिला येतं.

आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी हे करून दाखवलं. या वकिलाने १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर उभं केलं. आपल्या ताराबाई मोडक तिथेच त्यांच्याबरोबर काम करून महाराष्ट्रात बालशिक्षण घेऊन आल्या. गिजुभाईंना लोकांनी प्रेमाने नाव दिलं ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई. त्या नावातला आदर खरा आहे, तरी ते मला सलतं. मुलांमध्ये रमणाऱ्या पुरुषाचा मोठ्यात मोठा गौरव करायचा, तर त्याला आईच म्हणावं लागलं. ‘मायेचा’ म्हणताना आपल्याला आईच आठवते. ‘बापाचा’ म्हटलं की पुढे धाक येतो, नाहीतर इस्टेट. रामसाउअर हिणवत होते, भावनगरचे लोक ओवाळत होते, आणि दोघांच्याही मनात हे काम आईचंच होतं.

दोन महिन्यांच्या रजेने काय होणार, असंही विचारलं जातं. जर्मनीतले बहुतेक बाप खरंच दोनच महिने घेतात, कारण पुष्कळ घरांत त्यांचा पगार मोठा असतो आणि १८०० युरोंची मर्यादा २००७ पासून हललेली नाही. तरीही संशोधक मारैके ब्युनिंग यांच्या अभ्यासात दिसलं, की थोडी रजा घेतलेले बापही कामावर परतल्यावर मुलांना अधिक वेळ देत होते. घरकामातला वाटा मात्र त्यांचाच वाढला, ज्यांनी दोन महिन्यांहून जास्त रजा घेतली किंवा बायको कामावर असताना घर एकट्याने सांभाळलं. हे एकट्याने सांभाळणं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची रजा मिळते, ते योग्यच आहे. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. सरकारी नियमात ते पंधरा दिवस बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात. ज्यांना ते मिळतात, त्यांनी बारशाच्या धावपळीत न संपवता आई कामावर परतण्याच्या सुमाराला घ्यावेत, आणि खासगी नोकरीतल्या बापांनाही निदान तेवढे तरी कायद्याने मिळावेत.