विश्लेषण : मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००! धावण्याचे अंतर नेमके कशावरून ठरते?

पोलीस भरतीच्या तयारीसाठी लातूर, नांदेडच्या मैदानांवर पहाटे मुले-मुली एकत्रच येतात. वॉर्मअप एकच, ट्रॅकही एकच. पण ४०० मीटरच्या ट्रॅकवर मुलींची चाचणी दोन फेऱ्यांत संपते, तर मुलांना चार फेऱ्या माराव्या लागतात. लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींमध्येही अनेक वर्षे महिलांसाठी अंतर कमी होते. तो फरक २०२२ मध्ये काढून टाकण्याचा निर्णय झाला. तिथे झालेली चर्चा आपल्याकडच्या भरतीलाही लागू पडते का?

भरतीचा नियम काय सांगतो?

महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात धावण्याचे २० गुण असतात : पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. उरलेले प्रत्येकी १५ गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे. १०० मीटर दोघांनाही सारखेच, फक्त गुणांसाठीची वेळ वेगळी. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. म्हणजे एकाच चाचणीत तीन वेगळे निकष आहेत. एका प्रकारात वेळ बदलते, दुसऱ्यात वजन बदलते आणि तिसऱ्यात थेट अंतरच निम्मे होते.

स्कीमध्ये काय घडले?

क्रॉस कंट्री स्कीइंग म्हणजे पायात स्की आणि हातात काठ्या घेऊन बर्फावरची चढ-उताराची लांब शर्यत. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अनेक वर्षे पुरुषांची सर्वांत लांब शर्यत ५० किलोमीटरची आणि महिलांची ३० किलोमीटरची होती. मे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या समितीने विश्वचषक मालिकेत दोघांसाठी समान अंतराचा निर्णय घेतला. बाजूने मते पडली ५७ टक्के, म्हणजे विरोधही थोडाथोडका नव्हता.

विरोधकांचे म्हणणे असे की, कमी अंतर असल्यामुळे दोघांच्या शर्यतींना लागणारा वेळ साधारण सारखा राहतो आणि टीव्ही प्रक्षेपणालाही ते सोयीचे पडते. समर्थकांचे उत्तर साधे होते : महिला हे अंतर कापू शकतात, हे त्यांनी आधीच दाखवले आहे; ते पुन्हा सिद्ध करायला लावू नका. मार्च २०२३ मध्ये नॉर्वेतील होल्मेनकोलेन येथे महिलांची ५० किलोमीटरची शर्यत झाली आणि राग्नहिल्ड हागाने ती जिंकली. २०२६ च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिम्पिकच्या कार्यक्रमातही महिला आणि पुरुष दोघांसाठी ५० किलोमीटर ठेवण्यात आले.

‘वेळ सारखा’ हा दावा कितपत खरा?

२०१८ च्या प्याँगचँग ऑलिम्पिकचे आकडे पाहा. नॉर्वेच्या मारिट ब्योर्गेनने ३० किलोमीटरची शर्यत सुमारे ८२ मिनिटांत जिंकली. फिनलंडच्या ईवो निस्कानेनला ५० किलोमीटरसाठी सुमारे १२८ मिनिटे लागली. दोन्ही शर्यतींच्या वेळेत तब्बल ४६ मिनिटांचा फरक होता. दर किलोमीटरचा हिशेब केला तर ब्योर्गेनचा वेग सुमारे सात टक्क्यांनीच कमी भरतो. अंतर वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही. पण वेगातला फरक सात टक्के आणि अंतरातली कपात ४० टक्के, हे गणित जुळत नाही.

मग शारीरिक फरक नसतोच का?

असतो आणि तो स्पष्ट मोजता येतो. वयात आल्यानंतर पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू वाढतात, रक्तातील हिमोग्लोबिन जास्त राहते. हृदय आणि फुप्फुसे मोठी असतात. त्यामुळे दर मिनिटाला शरीर वापरू शकणारा जास्तीत जास्त ऑक्सिजनही अधिक असतो. हातांच्या आणि खांद्यांच्या ताकदीत फरक आणखी मोठा असल्याने, स्कीमध्ये केवळ काठ्यांच्या जोरावर पुढे जाताना तो जास्त जाणवतो.

हा फरक वेगात दिसतो. केल्व्हिन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत पूर्ण केली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिगिस्ट असेफाने २ तास ११ मिनिटे ५३ सेकंद घेतले. फरक सुमारे नऊ टक्के. आता अंतर दुप्पट करू. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ८६ किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत २०२४ मध्ये पुरुष विजेत्याला ५ तास २५ मिनिटे लागली, तर महिला विजेत्या गेर्डा स्टेनला जवळपास ५ तास ५० मिनिटे. फरक सुमारे आठ टक्के. अंतर दुप्पट झाले तरी फरक दुप्पट झाला नाही. महिला मागे राहतात, पण मध्येच कोसळत नाहीत.

मग ‘कमी अंतर’ आले कुठून?

१९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाली. शेवटी काही धावपटू दमून बसल्या, वृत्तपत्रांनी त्याचा गाजावाजा केला आणि ती शर्यतच बंद झाली. ती परत आली थेट १९६० मध्ये. महिलांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडले. स्वीडनच्या ९० किलोमीटरच्या वासालोपेत स्की शर्यतीत मार्गित नोर्दीन ही महिला १९२३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षापासून महिलांना बंदी झाली. ती १९८१ मध्ये उठली. म्हणजे महिलांना जमले नाही म्हणून दार बंद झाले असे नाही. जमल्यावरही ते बंद करण्यात आले.

महाराष्ट्राचा अनुभव काय?

लांब पल्ल्याच्या धावपटूंची आपल्याकडे कमतरता नाही. परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. नाशिक जिल्ह्यातील कविता राऊतने २०१० च्या आशियाई स्पर्धेत १० हजार मीटरचे रौप्यपदक जिंकले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. बीडच्या अविनाश साबळेचाही प्रकार तोच, अंतरही तेवढेच. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, महिलांसाठी ७६.२ सेंटिमीटर. शरीराचा फरक इथे मान्य केला आहे, पण अंतर कापलेले नाही.

सैन्य भरतीतही हेच सूत्र दिसते. अग्निवीर भरतीत महिला लष्करी पोलिसांची धाव पुरुषांप्रमाणेच १.६ किलोमीटरची असते. फक्त वेळेची मर्यादा जास्त असते.

अंतर वाढवले तर मुलींचे नुकसान होईल?

हा प्रश्न रास्त आहे. गावाकडे अनेक मुलींना सरावासाठी मैदान नसते. अंधार असताना रस्त्यावर धावणे सुरक्षित वाटत नाही, घरकामातून वेळ काढावा लागतो. ऐन भरतीच्या तोंडावर अंतर दुप्पट केले तर आधी मागे पडतील त्या याच मुली. त्यामुळे असा बदल करायचाच झाला तर तो पुरेसा आधी जाहीर व्हायला हवा आणि गुणांचा तक्ता महिलांच्या प्रत्यक्ष वेळांवरून ठरायला हवा. महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण असल्याने त्या जागांसाठी त्यांची स्पर्धा महिलांशीच असते आणि अंतर वाढले तर ते सगळ्यांनाच वाढेल.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. ८०० आणि १६०० मीटर हे वेगवेगळे व्यायाम आहेत. ८०० मध्ये झटपट वेग आणि दम कोंडून धावणे महत्त्वाचे ठरते, १६०० मध्ये टिकाव लागतो. चाचणी दोन फेऱ्यांची असेल तर सरावही दोन फेऱ्यांपुरताच होतो. नोकरी लागल्यावर बंदोबस्त मात्र दोघांनाही सारखाच तासन्‌तास करावा लागतो.

थोडक्यात, शरीरातला फरक आठ-दहा-बारा टक्क्यांचा आहे आणि तो वेळेच्या तक्त्यात सहज बसतो. १०० मीटरमध्ये तो तसा बसवलेलाही आहे. निम्मे अंतर हा मात्र शरीराचा नव्हे, नियमाचा निर्णय आहे आणि नियम बदलता येतो.