उडी सेंटिमीटरमध्ये मोजा, आडनावात नको



हँडबॉलच्या निवडीतून वस्तीतला पोरगा गळला की कारण ठरलेलं: "खेळतो बरा, पण पायात दम नाही." दम किती? कुणी मोजला? आकडा विचारला तर साहेब हसतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्याची वाट अशाच निवडीतून जाते, म्हणून हे हसण्यावारी नेऊ नका.

हँडबॉलमध्ये दम मोजता येतो. सहा मीटरच्या रेषेबाहेरून उसळायचं आणि पाय टेकण्याआधी चेंडू सोडायचा, असा हा खेळ. मोठे संघ महागडी यंत्रं वापरतात. पण सार्जंट यांनी 1921 मध्ये सांगितलेली पद्धत खडू, भिंत आणि टेप एवढ्यावर चालते. उभं राहून हात पुरेल तिथे एक खूण, उडी मारून दुसरी. मधलं अंतर म्हणजे उडी. मोबाईलवरही जमतं. सेकंदाला 240 चित्रं टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये पाय 120 चित्रं हवेत असले, तर अर्धा सेकंद, म्हणजे साधारण 31 सेंटिमीटर. 144 चित्रं असली तर 44. गुडघे दुमडून उतरणाऱ्याचा आकडा फुगतो, तेवढं बघा. आणि दांडीच्या वाळूत मारलेली उडी हॉलमधल्या उडीशी ताडू नका, वाळू ताकद गिळते. सगळ्यांना एकाच जमिनीवर उभं करा.

काही साथी म्हणतील, माणसं मोजणं हाच मुळात साहेबी आणि मनुवादी धंदा. खरं आहे, रिस्ले यांनी नाकं मोजून जातींची उतरंड लावली होती. पण बाबासाहेबांनी काय केलं? 1948 च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचीच मापं पुढे ठेवून अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धान्त मोडून काढला. मापाला घाबरले नाहीत.

पालवणकर बाळू आठवा. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी. बळी मोजता येत होते, म्हणून चर्मकाराच्या पोराला संघात घ्यावं लागलं. कर्णधाराची लायकी मोजायची पट्टी नव्हती, तिथे जात घुसली. हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. (धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 मध्ये मिळालं, तेही भांडणं झाल्यावर.)

आकडा म्हणजे जन्मखूण नव्हे. पेज खाऊन जांभ्याच्या कातळावर धावणारा पोरगा आणि हॉलमध्ये प्रशिक्षकाखाली वाढलेला, दोघांची आजची उडी सारखी कशी येईल? म्हणून एकदा मोजून शिक्का मारणं हा अन्यायच. सराव द्या, खायला द्या, मग पुन्हा मोजा. शिवाय हँडबॉलमधली उडी धावत येऊन एका पायावर असते. उभ्या उडीवरच निकाल लावणारा प्रशिक्षक अर्धाच खेळ बघतो.

येत्या रविवारी विहाराच्या मागच्या भिंतीवर खुणा करा. प्रत्येकाला तीन उड्या, सगळ्यात चांगली वहीत, तारखेसकट. मग निवड झाली की 2005 च्या माहिती अधिकाराखाली अर्ज टाका: प्रत्येक उमेदवाराची कोणती चाचणी घेतली, गुण किती दिले? नावं नकोत, नंबर पुरे. मोजलंच नाही असं उत्तर आलं, तर तेही सही-शिक्क्यानिशी घ्या.