वेगळा पेला कशाला?

मागच्या महिन्यात आम्ही मुरगूडला आमच्या परिचयातल्या एका आजारी काकांना भेटायला गेलो. दोन्ही मूत्रपिंडे निकामी. आठवड्यातून तीनदा एस.टी.ने कोल्हापूर गाठायचे आणि चार-चार तास डायलिसिसला पडून राहायचे. तेही ते सोसत होते. पण रक्ततपासणीत 'हिपॅटायटीस सी' निघाला आणि घरातले वागणेच बदलले. काकूंनी आम्हाला कपबशीत चहा दिला. काकांना खिडकीत उपड्या घातलेल्या वेगळ्या पेल्यात. नातू उंबऱ्यातच थबकलेला. काका म्हणाले, "सुया टोचत्यात त्येचं काय वाटत न्हाई. ह्यो येगळा पेला मातर लागतोय."

बंधू-भगिनींनो, वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या-पणज्यांनी तो हॉटेलाबाहेर विसळून ठेवला आहे. तोच आता आपल्या घरात, आपल्याच माणसासाठी?

हा विषाणू 1989 साली ओळखला गेला. तो रक्तातून रक्तात जातो. ताटातून, पेल्यातून, खोकल्यातून, मिठी मारल्याने जात नाही. डायलिसिसमध्ये रोग्याचे रक्त नळ्यांतून बाहेर येऊन पुन्हा अंगात जाते. तिथे हातमोजे न बदलणे, मशीन व खाट नीट न पुसणे, एकाच बाटलीतले औषध अनेकांना देणे अशी हयगय झाली की लागण होऊ शकते. यात रोग्याचा काय अपराध? घरात वेगळे ठेवायचे ते एवढेच: दाढीचे ब्लेड, दात घासायचा ब्रश, नेलकटर. जखम असेल तर झाकावी.

2017 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या 76 हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या पाहणीत दिसले, की 'सी' असलेल्यांना अशक्तपणा, अंगाची खाज, अन्नावरची वासना जाणे आणि मनाची उदासी अधिक होती. आधीच खचलेल्या अशा माणसाला घरच्यांनीही दूर लोटले, तर त्याने जगण्याची उमेद कुठून आणायची?

आणि हा आजार आता बरा होतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने महिनोन्महिने घ्यावी लागत. डायलिसिसच्या रोग्याला ती झेपत नसत. आता गोळ्या आहेत. बहुधा बारा आठवड्यांचा कोर्स, आणि शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. डायलिसिसवरच्या रोग्यालाही चालणारी औषधे आहेत. कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. 28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून ही तपासणी व औषधे मोफत देण्याची सोय झाली आहे.

आम्ही कारकुनी करणारी माणसे, म्हणून कागदाचे सांगतो. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलीत लावा. रेशनकार्ड व आधारच्या झेरॉक्स जोडा. सीपीआरमध्ये या कार्यक्रमाची चौकशी करा. पहिल्या तपासणीवर थांबू नका. विषाणू रक्तात आज आहे का, हे दुसऱ्या तपासणीतच कळते. बरे झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, म्हणून डायलिसिस चालू असेतो दर सहा महिन्यांनी तपासणी हवी.

हे सारे काकूंना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "दवाखान्यात कागद दिला, पर इस्कटून सांगितलं कुणी?"

म्हणूनच हे लिहिले. गोळ्यांना बारा आठवडे लागतील. पेला मात्र आजच इतर भांड्यांत ठेवता येईल.