जन्माची नोंद सरकारची, पुराव्याचे ओझे मात्र आपल्यावर

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की जात पडताळणी समितीच्या कार्यालयात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षासमोर आपल्या मुलामुलींची गर्दी होते. प्रश्न तोच असतो : आजोबा-पणजोबांची १९५० पूर्वीची नोंद कुठे मिळेल? गेल्या दोन-तीन वर्षांत या गर्दीत आणखी काही जणांची भर पडली आहे. त्यांची स्वतःच्याच जन्माची नोंद सापडत नाही, किंवा उशिरा केलेली नोंद आता संशयाच्या भोवऱ्यात आहे. हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांचे मूळ एक आहे. नोंद ठेवणे हे सरकारचे काम होते, ते नीट झाले नाही, आणि त्याची किंमत आज नागरिकाकडून वसूल होत आहे.

कायद्यात काय बदलले?

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. २०२३ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली. या तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट आणि आधार यांसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्र लागेल. म्हणजे आज वस्तीत जन्मणाऱ्या बाळाचे पुढचे सगळे आयुष्य या एका कागदावर उभे राहणार आहे.

पण यातली महत्त्वाची गोष्ट अनेक कार्यालयांतले कर्मचारीही सांगत नाहीत. ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आणि इतर मान्य कागदपत्रे बाद झालेली नाहीत. वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाला 'आता जन्म प्रमाणपत्रच पाहिजे, नवा कायदा आलाय' असे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागा. मात्र आधार कार्डावर विसंबून राहू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वय ठरवण्यासाठी आधार कार्ड हा योग्य पुरावा नाही. तिथे शाळा सोडल्याच्या दाखल्याला महत्त्व दिले गेले.

उशिराची नोंद आणि संशयाचे वातावरण

जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो. एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाला तर जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. २०२३ पूर्वी हा अधिकार न्यायालयाकडे, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होता. तो महसूल यंत्रणेकडे आला आणि पाठोपाठ राजकारणही आले. मालेगावसह काही ठिकाणी बांगलादेशी घुसखोरांना उशिराच्या नोंदीतून जन्म प्रमाणपत्रे दिल्याचे आरोप झाले. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने अशी प्रमाणपत्रे देणे काही काळ थांबवले आणि विशेष तपास पथक नेमले. मार्च २०२५ मध्ये पुराव्यांची छाननी, पोलिसांचा अहवाल आणि खोटी माहिती दिल्यास गुन्हा, अशी कडक कार्यपद्धती आली. पुढे नायब तहसीलदारांनी दिलेले आदेश, तसेच केवळ आधार कार्डाच्या आधारे झालेल्या नोंदी रद्द करण्याचे निर्देशही निघाले.

खोटी नोंद कोणीच पाठीशी घालू नये. पण नायब तहसीलदाराला तो अधिकार नव्हता, ही चूक कोणाची? अर्जदाराने सरकारी कार्यालयात जाऊन, सरकारी शिक्क्याचा आदेश घेतला. चूक यंत्रणेची, आणि पुन्हा खेटे मारायचे ते वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्या माणसाने. फडावर, पालावर, झोपडपट्टीत घरीच जन्मलेल्या मुलांची नोंद उशिरा होते ती फसवणुकीसाठी नव्हे. तिथपर्यंत ग्रामसेवक पोहोचला नाही म्हणून. नागरिकत्वाच्या राजकारणात मुसलमानांकडे बोट दाखवून कडक केलेला नियम शेवटी प्रत्येक कागद नसलेल्या गरिबाला लागतो, हे आपण ओळखले पाहिजे.

प्रमाणपत्र आणि नक्कल

आपल्या तरुणांची सर्वाधिक फसगत इथे होते. आजचे जन्म प्रमाणपत्र जन्मतारीख, ठिकाण, आई-वडिलांची नावे सांगते. त्यावर जात नसते. जात प्रमाणपत्र व पडताळणीसाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्धांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा दाखवावा लागतो. तो सापडतो जुन्या नोंदवहीत. म्हणजे गाव नमुना १४, ज्याला विदर्भात कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. त्यात मुलाचे किंवा बापाचे नाव, गाव, तारीख आणि जात लिहिलेली असते. या पानाची प्रमाणित नक्कल मिळवणे म्हणजे एका कुटुंबाच्या अनेक पिढ्यांचा पुरावा मिळवणे. एका भावाने काढलेली नक्कल चुलत भावंडांनाही कामी येते.

यातला इतिहासही विसरू नये. गावात कोण जन्मले, कोण मेले याची वर्दी देण्याचे काम अनेक ठिकाणी महार वतनदाराच्या आणि कोतवालाच्या माथी होते. आपल्या पूर्वजांनी गावभराच्या जन्म-मृत्यूच्या खबरा पोहोचवल्या. त्याच वहीत आज त्यांच्या नातवंडांना स्वतःचे नाव शोधावे लागते. अनेक पाने मोडीत आहेत, काही वाळवीने खाल्ली आहेत. शिवाय १९५६ नंतर अनेकांनी नावे आणि आडनावे बदलली. वहीतला 'धोंड्या वल्द गण्या महार' आणि दाखल्यावरचे आजोबा एकच, हे सिद्ध करायला वंशावळ जोडावी लागते. कायद्यानेही पुराव्याचा भार दावा करणाऱ्यावरच टाकला आहे.

'जुने रेकॉर्ड शोधणे शक्य नाही' हे उत्तर मात्र आता चालणार नाही. २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी याच सरकारने कुणबी नोंदी शोधायला तहसील, भूमी अभिलेख आणि शाळांची जुनी दप्तरे उघडली. मोडी वाचणारे लावले, पाने स्कॅन केली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकली. ज्या नोंदवहीच्या पानावर कुणबी लिहिले आहे, तिच्याच दुसऱ्या पानावर महार, मांग, चांभार, ढोर लिहिलेले आहे. एका समाजासाठी वही उघडता येते, तर तीच वही सगळ्यांसाठी का उघडत नाही? ही मागणी मराठा समाजाच्या विरोधात नाही. सर्व जातींच्या नोंदींची गावनिहाय सूची करून ती खुली करा, एवढेच मागणे आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

पहिले, योग्य कार्यालय शोधा. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, जिथे कुटुंब राहते तिथे नाही. बाळंतपण माहेरी किंवा तालुक्याच्या दवाखान्यात झाले असेल, तर सासरच्या ग्रामपंचायतीत नोंद सापडणार नाही. अर्धे हेलपाटे इथेच वाचतात.

दुसरे, तोंडी नकार घेऊ नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जन्म प्रमाणपत्र ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालील सेवा आहे. तिची मुदत, शुल्क आणि अपील अधिकाऱ्याचे नाव कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. फलक नसेल तर तिथूनच सुरुवात करा.

तिसरे, निबंधकाच्या निर्णयाविरुद्ध आता जिल्हा निबंधकाकडे ३० दिवसांत अपील करता येते आणि त्याचा निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे, अशी तरतूद २०२३ च्या सुधारणेतच आहे. कायद्याच्या कडक बाजूची चर्चा खूप होते, नागरिकाच्या बाजूची ही तरतूद कोणी सांगत नाही.

चौथे, नोंद सापडत नाही असे सांगितले तर 'नोंद आढळत नाही' असे लेखी घ्या. जुन्या वहीची पाहणी आणि प्रमाणित प्रत माहिती अधिकारातही मागता येते. पाहणीला मोडी जाणणारा कोणी सोबत असेल तर उत्तम.

पाचवे, बाळाचे नाव न घालता झालेल्या नोंदी तपासा. नोंदीनंतर १२ महिन्यांत नाव विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. २०२३ नंतर उशिराची नोंद केली असेल, तर आदेशावर सही कोणाची आहे ते आजच बघा. नायब तहसीलदाराची असेल तर शाळा, दवाखाना, अंगणवाडीचे पुरावे आताच गोळा करून ठेवा.

बुद्धविहारात जयंतीची वर्गणी जमते, तशी महिन्यातून एक रविवार कागदपत्रांची बैठक बसू शकते. वस्तीतल्या प्रत्येक घराची वंशावळ लिहून घ्यायची, सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडून जुनी नावे, गावे विचारून ठेवायची, आणि तहसीलला एकट्याने नव्हे तर दहा-पंधरा अर्ज एकत्र घेऊन जायचे. ती जुनी माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकते. वहीतले नाव कोणाचे, हे सांगणारा उद्या राहिला नाही, तर नक्कल हातात असूनही ती आपली आहे हे सिद्ध करता येणार नाही.