दोर तुटला तंजावूरला

साहेबांनी सकाळी सांगावे आणि संध्याकाळी बॅग भरून सहकाऱ्याबरोबर दूर गावी निघावे, हे नोकरदार घरांना नवीन नाही. "बरोबर कोण आहे?" हा अशा वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तच असतो. ऑफिसात शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षे बसणारा माणूस खरा कळतो तो वाटेत गाडी बंद पडली किंवा परगावी ताप चढला म्हणजे!

विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याची फिरती तर तब्बल एकवीस वर्षे चालली. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने जमिनीवर एक रेषा साखळीने मोजायला घेतली. पुढे उंच जागांवरून कोन मोजायचे आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत सारा मुलूख मापायचा, असे हे काम. त्यासाठीचे थिओडोलाइट नावाचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे. लंडनहून येताना ते फ्रेंचांच्या हाती लागून मॉरिशसला पोहोचले होते, पण तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. शत्रूचा एवढा दिलदारपणा आज गोष्टीतलाच वाटावा.

1808 मध्ये हा लवाजमा तंजावूरला आला. गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले होते. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा मराठी शिलालेख कोरला गेला, त्याला जेमतेम पाचच वर्षे झाली होती. कावेरीच्या या सपाट, माडांनी भरलेल्या मुलखात डोंगर नाही. लांबवर नजर पोहोचायची तर देवळाच्या शिखराचाच आधार! राजराज चोळाने बांधलेल्या, दोनशे फुटांहून उंच शिखरावर यंत्र दोराने चढवायचे ठरले.

निम्म्या वाटेत आवरून धरणारा दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे तीन फूट व्यासाचे, बारीक खुणांचे चक्र वाकले. दुसरे मागवायचे तर विलायतेहून, म्हणजे कित्येक महिने वाट पाहणे आले. आणि या चक्रात केसाएवढा फरक राहिला तरी पुढची सारी मोजणी फुकट.

लॅम्बटनने तंबू ठोकला आणि स्वतःला आत कोंडून घेतले. मुख्य कारागिरांखेरीज कोणालाही आत मज्जाव. मोठ्या सपाट फळीवर चक्राच्या मूळ मापाचे वर्तुळ आखले आणि पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू ताणत त्या रेषेला आणली. सहा आठवडे हे चालले होते. चक्र जवळजवळ पहिल्यासारखे झाले आणि ते यंत्र पुढे कित्येक वर्षे वापरात राहिले. तंबूत त्याच्याबरोबर राबलेल्या त्या कारागिरांची नावे मात्र आज कोणाच्या ओठी नाहीत. दोर ओढणाऱ्या खलाशांचे तर विचारूच नका!

ही हकिकत लिहून ठेवली ती जॉर्ज एव्हरेस्टने. तो स्वतः तंजावूरला नव्हता. लॅम्बटनचा मदतनीस म्हणून तो रुजू झाला 1818 मध्ये. मोठा तापट माणूस! पुढच्याच वर्षी लॅम्बटनने त्याला एक तुकडी देऊन हैदराबादच्या पूर्वेच्या जंगलात पाठवले. पावसाळ्यात तिथे सारी छावणी, सुमारे दीडशे माणसे, तापाने आडवी झाली. एव्हरेस्टला तर उठवेना. कळताच हैदराबादेतून मिळतील तेवढ्या पालख्या, डोल्या, हत्ती आणि उंट त्यांना आणायला धाडण्यात आले. ती मदत वेळेवर पोहोचली नसती, तर जगातल्या सर्वात उंच शिखराला 1865 मध्ये भलतेच नाव मिळाले असते!

लॅम्बटनची फिरती संपली ती आपल्या महाराष्ट्रात. वय सत्तरीला टेकले होते आणि खोकल्याने तो जेर झाला होता. तरीही हैदराबादहून नागपूरला निघाला. वाटेत हिंगणघाटला, 20 जानेवारी 1823 रोजी त्याने देह ठेवला. त्याचे थडगे तिथेच आहे. तंजावूरला जाणारे मराठी प्रवासी बृहदीश्वराचे शिखर मान वर करून आवर्जून पाहतात. वर्धा जिल्ह्यातल्या या थडग्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही.